पालथं पडून काढलेले दिवस

४ जानेवारी

परत पू!

शेवटची फेरी संपवून सीटवरून उठलो तर कव्हरवर ओला डाग. लांब्याने पाहिलं – माझा कंडक्टर – आणि काही न बोलता त्यावर वर्तमानपत्र टाकलं. एरवी या माणसाचं तोंड एक मिनिट बंद नसतं. तो गप्प बसला म्हणजे माझा चेहरा कसा झाला असेल!

मागच्या वेळी ऑपरेशन करून जखम उघडीच ठेवली होती. आतून भरत यायला हवी म्हणे. भरता भरता अर्धं वर्ष गेलं. रोज दवाखान्यात जायचं, ब्रदरने आत गॉज कोंबायचं, मी उशी चावायची. आणि आता पुन्हा तेच. माकडहाडाच्या खाली, फटीत, एवढंसं भोक. हात मोडला असता तर चार लोक विचारायला तरी आले असते. याचं काय सांगणार? कुणाला दाखवणार?

७ जानेवारी

डेपोचे साहेब वाईट नाहीत. पण म्हणाले, "अरे, तुझं कामच बसायचं. बसता येत नाही तर मी तुला ठेवू कुठे?" तूर्त गेटवर उभं राहायची ड्युटी. गाड्या आत-बाहेर होताना नंबर बघायचे. माझीच गाडी दुसरा कुणीतरी घेऊन गेला. गिअर टाकताना खरखर आवाज केला गाढवाने. 

९ जानेवारी

नवीन डॉक्टरबाईंना दाखवलं. वयाने लहान आहेत, बोलणं सडेतोड. पालथं झोपवून पाहिलं, मग कागदावर चित्र काढून समजावलं. पायलोनायडल सायनस – नाव मला पाठच आहे. पण ते होतं कसं हे आजवर कुणी धड सांगितलं नव्हतं.

"सैल झालेला केस कातडीत शिरतो. घाम, घर्षण, तासन्‌तास एका जागी बसणं – तो रुतत जातो. आत गेला की शरीर त्याच्याशी भांडतं. त्या भांडणाचा पू होतो, पू वाट शोधतो, त्या वाटेची नळी होते. पूर्वी जीप चालवणाऱ्यांचा आजार म्हणायचे याला."

मी म्हटलं, मी बस चालवतो. हसल्या. "जीपपेक्षा मोठीच की!"

आता लेझरने करणार. नळीतले केस आणि घाण साफ करायची, मग एक बारीक तार आत घालून नळी आतल्या आत जाळत आणायची. मोठी चीर नाही, गॉज कोंबणं नाही, त्याच दिवशी घरी.

"मग परत होणार नाही ना?"

"लेझर नळी बंद करतं. केस येणं बंद करत नाही. ते तुम्हाला सांभाळायचंय. जागा कोरडी ठेवायची, दर थोड्या वेळाने उठायचं, आणि तिथे केस राहू द्यायचे नाहीत. जखम भरेपर्यंत आजूबाजूचे केस कुणीतरी हलक्या हाताने काढायचे. नंतर ते मुळापासून घालवायचं दुसरं लेझर असतं, ते करू. घरी कोण आहे? ही जागा स्वतःला दिसत नाही."

मी म्हटलं, वडील.

"आणखी कोण?"

आणखी कोणी नाही.

१० जानेवारी

ताईचा फोन. मी कसंबसं सांगितलं. तिला हसूच फुटलं – "अरे, बाबांचा धंदाच तो! त्यांना सांग की."

हसते आहे! तिला काय, ती सासरी. बाबांचं कटिंगचं दुकान पुढच्या खोलीत, आम्ही मागच्या दोन खोल्यांत. आई गेल्यापासून आमचं बोलणं म्हणजे "जेवलास?" आणि "हो." दर दुसऱ्या रविवारी ते माझे केस कापतात, तेवढा वेळ त्यांचा हात माझ्या डोक्याला लागतो. बाकी एका घरात राहतो, बस्स. त्यांच्यापुढे मी चड्डी उतरवून पडू?

१६ जानेवारी

लेझर झालं. दुपारी घरी आलो. दुखतंय, पण मागच्यासारखं नाही. बाबा घ्यायला आले होते. गाडीत एका कुशीवर कलंडून बसलो. ते खिडकीतून बाहेर बघत होते. घरी आल्यावर म्हणाले, "ताई बोलली मला." एवढंच. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२० जानेवारी, रविवार

दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं त्यांनी. "चल, ये." आधी खुर्चीत उशीवर तिरका बसवून डोक्याचे केस कापले. मग गिऱ्हाइकं वाट बघत बसतात त्या बाकड्यावर कटिंगच्या वेळी अंगावर टाकलेलं तेच कापड झटकून अंथरलं. "आडवा हो. पोटावर."

पडलो. भिंतीकडे तोंड करून. कान तापले होते.

आणि बाबा एकदम वेगळ्याच आवाजात बोलायला लागले – गिऱ्हाइकाशी बोलतात तसे! "पाणी कोमट आहे. हलू नका हं." मला अहो-जाहो! मला आधी हसू आलं, मग रडू. वस्तरा नवा, ब्लेड नवं. जखमेला धक्का नाही, ओरखडा नाही. शेवटी मानेवर फिरवतात तो मऊ ब्रश पावडरीत बुडवला आणि सगळं झटकून दिलं. इतक्या गुदगुल्या झाल्या! तिशी ओलांडलेला बाप्या मी, बाकड्यावर पालथा पडून खिदळलो. ते पण हसले. आई गेल्यावर पहिल्यांदाच ऐकलं ते हसणं.

"आपल्या दुकानात आजवर एका माणसाला रक्त आलेलं नाही," म्हणाले. मी म्हटलं, माहितेय बाबा.

३ फेब्रुवारी

जखम छान भरतेय असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

आज बाकड्यावर असताना बाबा आपणहून बोलले. आईबद्दल. लग्नानंतर एकदा तिचे केस त्यांनी कापले होते, ती म्हणाली म्हणून. कापून झाल्यावर ती दोन दिवस रुसून बसली. "मी तरी काय करणार? तिनेच सांगितलं होतं तेवढे कापायला!" मग बराच वेळ वस्तरा थांबला. मला त्यांचा चेहरा दिसत नाही, त्यांना माझा दिसत नाही. त्यामुळेच बोलता येत असावं.

१० फेब्रुवारी

शेवटच्या दिवसांत आई त्यांना काय म्हणाली ते आज सांगितलं. इथे लिहीत नाही. ते त्यांचं आहे.

२६ फेब्रुवारी

जखम बंद! डॉक्टरबाई खूश. म्हणाल्या, आता वस्तरा पुरे, केस मुळापासून घालवायच्या लेझरची तारीख घेऊन टाका. बाबांना सांगितलं. ते कात्री पुसत होते. "त्याला मशीन कशाला? मी आहे ना."

तारीख घेतली नाही. खरं सांगायचं तर मलाच ते रविवार संपायला नको होते.

५ मार्च

परत स्टेअरिंगवर! मधे भोक असलेली उशी घेऊन गेलो. लांब्याने सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "महाराजांचं सिंहासन आलं हो!" शिव्या घातल्या त्याला. पण गाडी पुलावर चढली तेव्हा जीव सुपाएवढा झाला. दर फेरीनंतर उतरतो, चार पावलं चालतो, घाम पुसतो. सगळं सगळं करतो.

२८ एप्रिल

ठणका. उन्हाळ्याचं असेल. घामोळं असेल.

१ मे

घामोळं नाही.

२ मे

सांगितलं ते सगळं केलं मी. उशी वापरली, उठलो, चाललो, दोनदा अंघोळ केली, दर आठवड्याला केस काढून घेतले. तरी परत तेच. मग आता करायचं तरी काय? साहेब म्हणाले, तिसरी वेळ आहे, आता वरच्या ऑफिसला कळवावं लागेल. ड्रायव्हर म्हणून कदाचित नाही घेणार. मला दुसरं काही येत नाही. जगण्याचा कंटाळा आलाय. लिहिलं तसंच राहू दे, खोडत नाही.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "मी आणखी जपून करीन." त्यांना वाटतंय त्यांचंच कुठे कमी पडलं. "नाही हो बाबा," म्हटलं, "तुमच्यामुळे तर इतके दिवस टिकलं."

६ मे

आज जे कळलं ते कुठे ठेवू?

डॉक्टरबाईंनी भोकातून चिमट्याने केस काढले. पुंजकाच निघाला. पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगाखाली धरले आणि मला बघायला बोलावलं. मी कमरेला चादर गुंडाळून बघायला गेलो.

"हे तिथले केस नाहीतच. तिथले लांब असतात, एका टोकाला निमुळते. हे आखूड आहेत, दोन्हीकडून सरळ कापलेले. डोक्याचे केस आहेत, कात्रीखालून आलेले. अशी टोकं सुईसारखी घुसतात. आणि एका माणसाचेही नाहीत. हा पांढरा बघा. हा रंगवलेला. तुमचं डोकं तर काळं आहे."

मी तो पांढरा केस बघत राहिलो.

"कटिंगनंतर लगेच अंघोळ करता का?"

अंघोळ सकाळीच झालेली असते. कटिंग दुपारी. मग बाकडं. तेच कापड. आणि तो ब्रश! सगळ्या गावाच्या माना झटकलेला ब्रश, पावडर लावून, तिथे – इतक्या मायेने.

"अंगाखाली कुठलं कापड असतं? कुठे करता कटिंग?"

"घराजवळ," म्हटलं. "आहे एक दुकान."

"ते बंद करा. आणि वस्तराही बंद. मी फेब्रुवारीतच लेझरचं सांगितलं होतं ना?"

हो म्हटलं. मान वर करता आली नाही.

७ मे

बाबांना सांगायचं नाही. ठरलं.

काय सांगणार? की आजवर एका माणसाला रक्त आलेलं नाही त्या दुकानातून माझ्या अंगात पू गेला? की ज्या रविवारांत तुम्ही बोलायला लागलात त्याच रविवारांनी माझी नोकरी जायची वेळ आणली? त्यांना दुसरं आहे काय? चौकात काचेचं सलून झाल्यापासून गिऱ्हाइकं म्हणजे जुनी चार म्हातारी डोकी आणि मी. बाबा खुर्ची रोज पुसतात. कुणी आलं नाही तरी पुसतात. हे ऐकून ते वस्तरा उचलणारच नाहीत पुन्हा. माझ्यासाठी नाही, कुणासाठीच नाही.

भोक मेलं भरेल नाही तर नाही. बाबांना हे कळता कामा नये. दुसरं काही मला नको.

१२ मे, रविवार

सकाळीच चौकातल्या सलूनमध्ये जाऊन केस कापून आलो. म्हणजे दुपारी प्रश्नच उरायला नको. कानात बाळी घातलेला एक इसम, कापताना सगळा वेळ फोनवर बोलत होता. एक बाजू वर, एक बाजू खाली. कसंही असो. घरी येऊन मागच्या दाराने थेट न्हाणीत गेलो, डोक्यापासून पायापर्यंत घासून अंघोळ केली.

दुपारी बाबांनी शटर अर्धं ओढलं, कापड झटकलं आणि वळून बघितलं. माझ्या डोक्याकडे.

"डेपोजवळ गेलो होतो, सहज," म्हटलं. "आणि ते खालचे केस काढायची आता गरज नाही म्हणाल्या डॉक्टरबाई."

"बरं केलंस."

कापडाची घडी घातली. शटर वर केलं. रविवारी दुपारी दुकान उघडं ठेवून रस्त्याकडे बघत बसले. मी आत पालथा पडून छताखालचा पंखा ऐकत होतो. मला उठून बाहेर जाता आलं असतं. नाही गेलो.

१५ मे

"जेवलास?"

"हो."

झालं. पुन्हा तिथेच आलो.

१९ मे

ताईचा फोन. आवाजच चढलेला. "काय केलंस तू त्यांना? मला म्हणाले, मुलाला आता बापाचा हात नको. काचेच्या दुकानात जातो, एका गिऱ्हाइकाने पाहिलं त्याला. लाज वाटते का रे तुला त्यांची?"

मी म्हटलं, हो समज.

फोन आपटला तिने. बरोबरच आहे तिचं.

२३ मे

गेटवर उभा असतो. लांब्या येता-जाता काहीतरी टाकून जातो – "सिंहासन गंजतंय बघ!" हसतो मी. पाय भरून येतात. रात्री झोप पालथीच, त्यामुळे मान धरलीय. ठणका वाढतोय, ताप येतोय. वरच्या ऑफिसचं काही कळलेलं नाही. घरी आलो की खुर्ची पुसल्याचा वास येतो, स्पिरिटचा. बाबा पाठमोरे. सांगून टाकावं असं रोज वाटतं. सांगितलं तर ते मोडतील, नाही सांगितलं तर त्यांना वाटतंय मी त्यांना टाकलंय. दोन्हीकडून मीच त्यांना मारतोय.

आई असती तर तिने माझ्याकडे एकदा बघितलं असतं आणि तिला कळलं असतं.

२९ मे

पुन्हा लेझर ठरलं, शुक्रवारी. सोबत कुणीतरी लागतं. लांब्याला विचारलं, त्याला ड्युटी. ताईला विचारायचं तोंड नाही. शेवटी बाबांना म्हटलं. "येतो," म्हणाले. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय खुर्चीवर. मला ते बघवेना.

डॉक्टरबाई काय बोलतील याची भीती वाटतेय. ऑपरेशनची नाही.

३१ मे

संध्याकाळ. झालं. कॉटवर पालथा होतो, भूल अर्धी उतरलेली. मला फक्त पाय दिसत होते – डॉक्टरबाईंचे पांढरे बूट आणि बाबांच्या चपला. बाई त्यांना समजावत होत्या. आतलं सगळं साफ केलंय, जखम भरली की या वेळी केस घालवायचं लेझर करायचंच, टाळायचं नाही. मला ओरडावंसं वाटलं, जीभ वळेना. मग त्या म्हणाल्याच –

"आणि काका, तो कटिंगवाला आधी बदला. त्याच्याच दुकानातले केस जातायत आत. ह्यांना महिन्याभरापूर्वीच दाखवलेत मी भिंगाखाली. नाव विचारलं तर सांगत नाहीत!"

चपला हलल्या नाहीत. मी डोळे मिटून घेतले.

"बदलला त्याने," बाबा म्हणाले. "तेव्हाच बदलला."

१ जून

काल गाडीने घरी आलो. मी मागच्या सीटवर पालथा, बाबा पुढे. अर्ध्या वाटेत त्यांनी मागे हात घातला. माझ्या डोक्यावरून फिरवला, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. बोटांनी केस मोजल्यासारखे. आणि म्हणाले – आवाज फाटला होता – "एवढ्यासाठी? एवढ्यासाठी डोक्याची ही दशा करून घेतलीस, गाढवा?"